तलाव धरला का

खिडकीतून येणारा प्रश्न बदलतो
तेव्हा मला कळतं, ऋतू बदलला.
जूनमध्ये: डास फार आहेत का हो?
ऑक्टोबरात: पानं आहेत ना अजून झाडांवर?
आणि डिसेंबर लागला की एकच.
गाडीची काच चार बोटं खाली,
तोंडाची वाफ आधी, शब्द मागाहून:
तलाव धरला का?

धरला म्हणायचं इथे. गोठला नाही.
जखमेने खपली धरावी तसा तो बर्फ धरतो,
कडेकडेने आत,
मधलं काळं पाणी शेवटपर्यंत नाही म्हणत राहतं.

एकोणीस वर्षं मी या लाकडी खोपटात बसते,
पायाशी हीटर, समोर नकाशांचा गठ्ठा.
वर्षाचे पास देते, काचेवर चिकटवून देते.
मिनियापोलिसहून येणाऱ्यांना सांगते
की अस्वल आलं तर पळू नका,
आणि आलं नाही तर पैसे परत मिळत नाहीत.
उन्हाळ्यात डोंग्या तासावर, हिवाळ्यात स्की दिवसावर.
मधल्या चिखलाच्या महिन्यात कुणी येत नाही.
तेव्हाचा तलाव माझा एकटीचा.

रेनो लाहतीच्या ट्रकवर
पासावर पास, अठरा थर.
जुना खरवडत नाही. म्हणतो, काचेला ऊब राहते.

माझ्या आधी इथला बर्फ तोच मोजायचा.
हाताचं गिरमिट, पट्टी, आणि पाटीवर खडू:
चार इंच, चाला.
सात, स्नोमोबिल.
बारा, गाडी न्या.
आणि खाली बारीक अक्षरात:
तरी विचार करून.
पाटी तीच आहे. ती शेवटची ओळ
मी दरवर्षी पुन्हा गिरवते.

या वर्षी तो आलाच नाही.
खुबा मोडला मार्चमध्ये, आपल्याच अंगणात,
तलावावर उभा जन्म काढलेला माणूस.
आणि काल, वीस डिसेंबरला,
नात सेल्मा त्याचाच ट्रक चालवत आली.
काच चार बोटं खाली झाली,
पण प्रश्न आला नाही.
रेनो म्हणाला, चल, बघू.

शेडमधून मी ढकलस्लेज काढली,
खुर्चीखाली दोन लांब पोलादी पट्ट्या,
मागे उभं राहून एका पायाने रेटायची.
सेल्माने त्याला घोंगडीत गुंडाळलं.
पोत्यासारखा नको, त्याने बजावलं,
माणसासारखा बसव.

काठापासून चाळीस पावलांवर मी गिरमिट टेकवलं.
थांब, म्हणाला. आधी काठीने ठोक.
मी ठोकलं.
पुन्हा.
त्याने टोपीचा कान वर केला,
डोळे मिटले,
साडेचार, म्हणाला.

मग मी भोक पाडलं. पट्टी पाच म्हणाली.
तुझी पट्टी थंडीने आखडली, तो म्हणाला,
आणि मी वाद घातला नाही,
कारण शून्याखाली वीस होतं
आणि पट्टी खरंच पोलादाची होती.

तेवढ्यात खालून एक लांब आवाज गेला,
या काठाकडून त्या काठाकडे,
कुणी रिकाम्या घरात कपाट ओढावं तसा.
सेल्मा किंचाळली, माझा हात धरला.
रेनो हसला नाही, घाबरलाही नाही.
कूस बदलतोय, म्हणाला,
आता झोपेल मार्चपर्यंत.
मग बराच वेळ आम्ही तिघं
काहीच न करता उभे होतो.
म्हणजे दोघी. तो बसून होता,
माणसासारखा.

परतताना त्याने पाकीट काढलं.
म्हटलं, वर्ष संपायला अकरा दिवस आहेत,
आता कशाला, जानेवारीत नवा घे.
चिकटव, म्हणाला.
अकरा दिवस काही कमी नाहीत.

मी मोजे काढून अंगठ्याने दाबून बसवला,
एकोणिसावा थर.
मागे गाडी थांबली होती, हॉर्न वाजला.
खोपटात जाऊन खिडकी उघडली.

धरला, मी म्हटलं.
साडेचार.